तेराशे एकाहत्तरची खूण

कडूबाला घड्याळाचं काम कुणी शिकवलं, असं औरंगाबादेच्या छावणीतल्या बाजारात विचारलं तर लोक बद्रीनाथचं नाव सांगत. ते अर्धंच खरं होतं. कडूबाला हे काम शिकवलं त्याच्या संशयानं. बद्रीनाथनं त्याला फक्त बसायला स्टूल दिलं.

कडूबा वैजापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. दोनशे मेंढरांत एखादं परकं घुसलं तर तो ते बांधावरून ओळखायचा. मेंढराच्या खुरात मोडलेला काटा बाभळीच्याच काट्यानं असा काढायचा की जनावर पाय झटकत नसे. गुण मोठे होते, पण मेंढरांवर ठेवायची नजर त्यानं माणसांवरही लावली, आणि तिथं घोटाळा झाला. दूधवाला माप भरताना हा दुधाकडं न बघता त्याच्या अंगठ्याकडं बघे. देवळात हात जोडले तरी एक डोळा वहाणांवर असे. सगळ्या दुनियेत त्याचा भरवसा एकाच माणसावर होता, तो म्हणजे थोरला भाऊ कारभारी. बाप लवकर गेला, तेव्हा कारभारीनंच त्याला खांद्यावर वाढवलं होतं.

एकसष्टच्या वैशाखात कडूबाचं लग्न झालं. पोरगी गंगापूरच्या बाजूची, राजाबाई. तिचा बाप पुंजाराम याची ऐपत बेताची, हौस मात्र दांडगी. त्यानं जावयाला मनगटी घड्याळ दिलं, विलायती, सतरा माणकांचं. आता घड्याळात चाकांच्या टोकांखाली बारीक लाल खडे बसवतात, ते कारखान्यातच तयार होतात आणि बाहेर त्यांना कुणी विचारत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक. मांडवात ते कुणाला ठाऊक नव्हतं. सतरा माणकं म्हणजे राजाच्या अंगठीतली सतरा माणकं, असंच जो तो समजला. बायकांनी घड्याळाला हळदकुंकू वाहिलं. म्हाताऱ्यांनी ते आळीपाळीनं कानाला लावलं.

हिवाळ्यात कडूबा मेंढरं घेऊन दोन-दोन महिने रानोमाळ असे. तेव्हा घड्याळ ट्रंकेत राही आणि ट्रंकेची किल्ली कारभारीकडं. बासष्टच्या ज्येष्ठात घड्याळ बंद पडलं. कडूबानं ते हलवलं, तळहातावर आपटलं, कानाला लावलं. मग छावणीत बकरी विकायला जायचंच होतं, तेव्हा घड्याळ रुमालात बांधून कंबरेला खोचलं.

छावणीत बद्रीनाथचं दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक दिवा आणि मागं कॅलेंडर. बद्रीनाथ नगरचा. पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी तो इकडं आला आणि इथलाच झाला. बोलणं कमी, आणि डोळ्याला कायम भिंग लावलेलं.

"ठेवून जा. परवा ये," तो म्हणाला.

"ठिवत नाय. हितंच बसतो. माझ्यासमोर उघडा."

असली गिऱ्हाइकं बद्रीनाथला नवी नव्हती. घड्याळवाले माणकं काढून घेतात आणि जागी काच बसवतात, हे खेड्यापाड्यात लहान मूलही सांगे. त्यानं मुकाट्यानं मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि घड्याळ पेटीवर ठेवलं.

"तबकडी विलायती आहे. आतलं मशीन दुसरंच कुठलं तरी हलकं. सतरा सोड, यात धड सात खडे नाहीत."

कडूबाचं रक्त तापलं. दहाच्या वर माणकं गेली. पहिला संशय अर्थातच समोरच्यावर. पण झाकण त्याच्या डोळ्यांदेखत उघडलं होतं, आणि बद्रीनाथच्या हातांवरून त्यानं नजर काढली नव्हती. मग कुणी?

बद्रीनाथनं झाकणाच्या आतली बाजू उजेडात धरली. तिथं सुईच्या टोकानं कोरलेली बारीक विळ्यासारखी खूण होती आणि शेजारी उर्दू आकडे. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर आपली खूण आणि सन असा झाकणाच्या आत कोरतो. पुन्हा तेच घड्याळ आलं तर आपण आधी केव्हा उघडलं होतं ते त्याला कळतं. कडूबा लहानपणी दोन वर्षं निजामाच्या शाळेत गेला होता, त्यामुळं आकडे त्यालाच वाचता आले. तेराशे एकाहत्तर.

"हिजरी," बद्रीनाथ म्हणाला. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुसलमानी सनही छापलेला असे, त्यावरून त्यानं बोटांवर मागं मोजलं. "म्हणजे आपलं बावन्न साल. दहा वर्षांमागं कुणी तरी हे उघडलंय."

झालं. लग्न एकसष्टचं आणि घड्याळ बावन्नच्या आधीचं, कुणाच्या तरी मनगटावर घासून आलेलं. सासऱ्यानं जुनं, आतून बदललेलं घड्याळ नव्याच्या डबीत घालून दिलं! कडूबाला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. वर्षभर पुंजारामच्या गोड बोलण्यात त्याला काही तरी काळंबेरं वाटत होतं. ते आज सापडलं. हवं ते सापडलं की पुढं विचारायचे कष्ट कोण कशाला घेतो?

दुरुस्तीला चार दिवस लागले. रोज संध्याकाळी कडूबा ते उघडं घड्याळ डबीत घालून आपल्याबरोबर मुक्कामावर नेई आणि सकाळी पुन्हा समोर येऊन बसे. बद्रीनाथ वैतागला, मग हसला, मग गप्प झाला. तिसऱ्या दिवशी एक स्क्रू चिमट्यातून उडाला. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा स्क्रू. बद्रीनाथ चटईवर हात फिरवून दमला.

"डाव्या पायाच्या करंगळीजवळ हाय," कडूबा बसल्या जागेवरून म्हणाला.

स्क्रू तिथंच होता. बद्रीनाथनं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच या माणसाकडं उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"हात शिकवता येतो, कान शिकवता येतो. असं बघणं शिकवता येत नाही. मेंढरं सोडायची असतील तर ये माझ्याकडं."

कडूबाला यातही डाव दिसला. फुकट शिकवणारा माणूस काय म्हणून शिकवतो? तो घरी निघून गेला.

घरी गेल्यावर त्यानं राजाबाईला समोर उभं केलं. ती शांत होती. "बानं औरंगाबादेच्या दुकानातून नवं घेतलं," ती म्हणाली. "मी संगं होते. डबी माझ्यासमोर फोडली. आतली चिठ्ठी बी मी पायली."

"मंग त्यात बावन्नचा आकडा कोन कोरून ठिवला?"

"ते मला काय ठावं? मी पायलं ते सांगितलं."

"बापाची लेक बापाचंच बोलनार."

कारभारी दारात चिलीम भरत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. भावाला आपलं दुःख लागलं, असं कडूबाला वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला.

श्रावणात नागपंचमीला राजाबाईचा भाऊ तिला न्यायला आला. ती चार दिवसांसाठी माहेरी गेली. रीत अशी की सण उरकला की सासरचं माणूस जाऊन तिला आणतं. कडूबा गेला नाही. भांडण नाही, हाकलणं नाही. फक्त आणायला कुणी गेलं नाही. पौर्णिमा गेली, पोळा गेला, दसरा आला. शेजारपाजारचे विचारू लागले, तेव्हा सासरा ठग निघाला, एवढं सांगून कडूबानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि छावणीचा रस्ता धरला. बद्रीनाथनं काही न विचारता स्टूल पुढं सरकवलं.

पहिले सहा महिने त्याला घड्याळाला हात लावू दिला नाही. त्यानं फक्त चिमटा धरायचा, बशीतली मोडकी चाकं एकीतून दुसरीत ठेवायची. चाक मोहरीएवढं, त्याची दांडी केसाएवढी. जोर जास्त झाला तर दांडी वाकते, कमी झाला तर चाक उडून जातं. मग श्वास. केसासारखी बारीक कमान उचलताना श्वास धरायचा, नाही तर ती नाकातल्या वाऱ्यानंच हलते आणि वेटोळं बिघडतं. तंबाखू सुटली, कारण तंबाखू न मिळालेल्या सकाळी हात थरथरत. तेल द्यायचं तर सुईच्या टोकावर जेवढं मावतं त्याच्याही निम्मं. कडूबाला वाटे, हा म्हातारा तेल वाचवतो. एकदा त्यानं चोरून भरपूर तेल दिलं. घड्याळ आठवड्यात धूळ धरून उभं राहिलं.

कान तयार व्हायला वर्ष गेलं. घड्याळ उताणं, पालथं, कडेवर, असं धरून ऐकायचं आणि टिकटिक कुठल्या अंगावर लंगडते ते सांगायचं. ते त्याला छान जमू लागलं. सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं बशीत मांडायची शिस्तही जमली. एक गोष्ट मात्र जमेना. नीट चालणारं घड्याळ तो पुन्हा उघडून बघे. बंद करी आणि पुन्हा उघडी.

"संशय आला की उघडून बघ," बद्रीनाथ चिडून म्हणे. "बघितलं की टाकून दे. तू टाकत नाहीस. असल्या हातात घड्याळं मरतात."

कडूबा मान हलवी आणि बद्रीनाथ जेवायला गेला की पुन्हा उघडी.

अशी अडीच वर्षं गेली. राजाबाईचं नाव तो काढत नसे. पासष्टच्या फाल्गुनात गंगापूरकडचा एक पाव्हणा दुकानात आला आणि उभ्या उभ्याच निरोप सांगून गेला. चैत्राच्या पुनवेला पंच बसणार आहेत. तोवर बायको नांदवायला न्यायची, नाही तर सोडचिठ्ठी द्यायची. पोरीचा दुसरीकडं पाट लावायचा आहे.

"म्हंजी कुनी तरी आधीच बघून ठिवलाय," कडूबा म्हणाला.

"ठेवला असेल. तुला हवी आहे का ती?" बद्रीनाथनं विचारलं.

कडूबानं भिंग डोळ्याला लावलं. पण त्या दिवशी त्यानं दोन स्क्रू हरवले. रात्री पडल्या पडल्या त्याला राजाबाईचं ते शांत तोंड दिसलं, आणि ती हवी आहे, फार हवी आहे, हे त्याचं त्यालाच कळून चुकलं. तरी तो निघाला नाही. ठगाच्या लेकीला कसं आणायचं?

पुनवेला दोन दिवस राहिले असताना वैजापूरच्या एका शाळामास्तरांचं घड्याळ दुरुस्तीला आलं. बंगळूरच्या सरकारी कारखान्याचं, अगदी नव्या घडणीचं. कडूबानं झाकण उघडलं. आत विळ्यासारखी खूण होती आणि शेजारी आकडे, तेराशे त्र्याहत्तर.

त्यानं सवयीनं मागं मोजलं. हिजरी त्र्याहत्तर, म्हणजे चोपन्न साल. तो थांबला. बंगळूरचा हा कारखाना निघून चार वर्षंही झाली नव्हती. चोपन्न साली हे घड्याळ जगातच नव्हतं. मग ते त्या वर्षी कुणी कसं उघडलं?

त्यानं पुन्हा आकडे वाचले. आणि एकदम त्याच्या डोळ्यांसमोर शाळेची पाटी आली. निजामाच्या शाळेत मास्तर रोज सकाळी सन लिहायला लावत. जग ज्याला सत्तेचाळीस म्हणत होतं त्या वर्षी हा पाटीवर तेराशे छप्पन लिहीत होता. तो हिजरी नव्हता. तो फसली सन, निजामाच्या कचेरीचा, शेतसाऱ्याचा. पोलीस ॲक्शननंतर तो बंद झाला. नगरच्या बद्रीनाथला तो कधी ठाऊकच नव्हता, आणि ज्याला ठाऊक होता त्या कडूबाला तो आठवायचा नव्हता.

त्यानं छप्पनपासून पुढं मोजलं. फसली त्र्याहत्तर म्हणजे चौसष्ट साल, बरोबर. आणि फसली एकाहत्तर म्हणजे बासष्ट साल, एकसष्टच्या दसऱ्याच्या सुमारास सुरू झालेलं. लग्नानंतरचं. घड्याळ तेव्हा कडूबाच्याच ट्रंकेत होतं.

बद्रीनाथला सांगून तो तसाच वैजापूरच्या एसटीत बसला.

तिथं विचारत गेल्यावर सापडला, विळ्याची खूण करणारा कारागीर वजीरमियाँ. निजामाच्या वेळी तहसिलीतल्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायची नोकरी त्याच्याकडं होती. राज्य गेलं, नोकरी गेली, सन लिहायची सवय तेवढी राहिली. कडूबानं आपलं घड्याळ त्याच्यापुढं उघडून धरलं.

"हौ, ये निशान मेराच है," म्हातारा म्हणाला. "तुमे किसके? कारभारी के भाई?"

कडूबानं मान हलवली.

वजीरमियाँनं फळीवरचा एक पत्र्याचा डबा काढला. कारागीर निकामी झालेली मशीनं फेकत नाहीत, कधी एखादं चाक उपयोगी पडतं. त्यातून त्यानं चिठ्ठी बांधलेलं एक मशीन काढलं, गंजून तांबूस झालेलं. त्यावर तेच विलायती नाव होतं जे तबकडीवर होतं. कडूबानं भिंग लावलं आणि खडे मोजले. सतरा भरले.

"बाजार कू पहन को आया था, हौद में गिरा दिया. दो महिने वैसाच रख्या, पूरा जंग खा गया. रोने लगा मेरे सामने. बोला, मियाँ, कुछ बी डालो, चलता दिखना. भाई कू मालूम नक्को होना."

कडूबा घरी पोचला तेव्हा कारभारी वाड्यात मेंढरांना पाला टाकत होता. कडूबानं ते गंजलेलं मशीन त्याच्यापुढं धरलं. कारभारीनं पाहिलं आणि हातातला पाला खाली ठेवला.

"मला वाटलं चार दिसांत निवळंल," तो म्हणाला. "मंग चार म्हयने झाले. मंग बोलायला तोंडच नाय ऱ्हायलं. तू माझ्याकडं कधी वाकड्या नजरंनं बघितलं नायस रं. तेवढं जाऊ नये वाटलं."

कडूबाला त्याला मारावंसं वाटलं. रडावंसंही वाटलं. पण एक गोष्ट त्याला आत कुठं तरी बोचत होती. ट्रंकेची किल्ली कारभारीकडं असते, हे त्याला तीन वर्षं ठाऊक होतं. सगळ्या दुनियेवर संशय घेणाऱ्या माणसानं त्या किल्लीकडं एकदाही बघितलं नव्हतं. दूधवाल्याचा अंगठा त्यानं बघितला, बायकोचं तोंड बघितलं, आणि भावाच्या कमरेला लटकणारी किल्ली बघितली नाही.

पुनवेच्या सकाळी तो गंगापूरकडच्या गावी पोचला. पंच बिरोबाच्या देवळापुढं जमत होते. पुंजारामच्या ओसरीवर राजाबाई लोकर कातत बसली होती. वाळली होती. त्याला पाहून ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला आणि पुन्हा बसली. पुंजाराम दारातच उभा राहिला, जावयाला बस म्हणावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

कडूबानं सगळं सांगितलं. मशीन काढून दाखवलं, कारभारीचं नाव घेतलं, फसली सन समजावला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "लई चुकलं. तुला न्यायला आलोय."

राजाबाईनं मशीनकडं पाहिलंही नाही.

"हे समदं कुनी सांगितलं म्हनता?"

"वजीरमियाँनं. वैजापूरच्या."

"त्याची तुमची जुनी वळख?"

"नाय. परवाच भेटलो."

"परवा भेटलेल्या मानसाचं खरं वाटलं," ती म्हणाली. "मी वरीसभर तुमच्या घरात नांदले. मी पायलं ते तुमच्यासमोर उभं ऱ्हाऊन सांगितलं."

कडूबानं मशीन पुन्हा रुमालात बांधलं.

"न्यायचं मागनं बोला," ती म्हणाली. "आधी पंचांम्होरं माझ्या बाचं नाव मोकळं करा. तीन वरसं त्याला समदे ठग म्हनत्यात. ह्या तीन वरसांत एका बी लग्नात तो म्होरं बसला नाय."

ते कडूबानं केलं. देवळापुढं तीस-चाळीस माणसं होती. त्यानं उभं राहून सांगितलं की सासऱ्यानं दिलेलं घड्याळ नवं होतं, सतरा माणकांचं होतं, आणि खोट त्याच्या स्वतःच्या घरात झाली. भावाचं नावही त्यानं घेतलं. पुंजाराम देवळाच्या पायरीवर बसून उपरण्यानं तोंड झाकून रडू लागला. दोघा-तिघांनी त्याला धरून वर आणलं आणि पंचांच्या शेजारी बसवलं.

म्हातारा पंच राजाबाईकडं वळला. त्याला प्रकरण गोड होताना दिसत होतं. "पोरी, नवऱ्यानं चारचौघांत खरं सांगितलं. आता काय म्हनतीस? जातीस ना?"

राजाबाईनं पदर सारखा केला.

"त्यांना परवा खरं कळलं म्हनून ते आज बोलले," ती म्हणाली. "मला पयल्या दिवशीच ठावं हुतं. आन् मी पयल्या दिवशीच बोलले हुते. मला त्या घरी जायचं नाय."

म्हाताऱ्यानं कडूबाकडं पाहिलं. कडूबानं राजाबाईकडं पाहिलं, आणि ती जे बोलली ते खरं आहे याबद्दल त्याच्या मनात तिळाएवढीही शंका आली नाही.

"सोडचिठ्ठी लिवून घ्या," तो म्हणाला.

पंचांनी कागद मागवला आणि कडूबानं सही केली.